विहिरीत पोहून आल्यापासून बाबांचा कान गच्च झालाय

वेंगुर्लेकर: परवा पोहून आले तेव्हापासून उजव्या कानाने कमी ऐकू येतंय, दुखत नाही, वाहत नाही. आई म्हणते लसणीचं गरम तेल घाल, शेजारचे काका म्हणतात इअरबडने मळ काढ. काय करू?

देवगडची ताई: इअरबड नकोच! मोठ्या माणसाच्या कानाची नळी साधारण २.५ सेंटीमीटर, बडने मळ पडद्याकडे ढकलला जातो. आतला मळ पाण्याने फुगतो म्हणून पोहल्यावरच कान बसतो. आणि मळ म्हणजे घाण नव्हे, तो आतली कातडी जपतो आणि बहुतेकांचा हळूहळू आपोआप बाहेर सरकतो.

गुहागरकर: गरम तेलाने कान भाजेल हो. पडदा शाबूत असेल, कानाचं ऑपरेशन झालेलं नसेल तर मेडिकलमधून मळ मऊ करणारे ड्रॉप्स घ्या, ३ ते ५ दिवस. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत कानात बुरशीही होते, खाज असेल तर आधी दाखवा.

देवगडची ताई: शुगर आहे का त्यांना? असेल तर घरी पिचकारीने पाणी मारू नका, कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जा, ते बघून सक्शनने काढतात. एकदम ऐकूच येईनासं झालं तर त्याच दिवशी.

वेंगुर्लेकर: शुगर आहे. उद्याच नेतो.