फेसबुकवरचे काका-मावशा

"फेसबुक म्हणजे काका-मावशांचा अड्डा, कॉलेज सुरू झालं की अकाउंटच उडवणार" हे वाचून हसूच आलं, अरे २००४ ला ते निघालं तेव्हा फक्त हार्वर्डच्या पोरांसाठी होतं, कॉलेजचा ईमेल नसेल तर आत घेतच नव्हते, १३ वर्षांवरच्या सगळ्यांना दार उघडलं ते सप्टेंबर २००६ मध्ये. म्हणजे आज गुड मॉर्निंगची फुलं टाकणाऱ्यांतले बरेचसे तेव्हाचे कॉलेजकुमारच की!

उडव खुशाल, पण आधी फोटो उतरवून घे. ऑर्कुट (गूगलची फेसबुकसारखीच साइट) सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, डेटा काढायला गूगलने आणखी दोन वर्षं दिली होती, तरी आमच्या ग्रुपमधले निम्मे आळशी ढिम्म हलले नाहीत. स्क्रॅपबुकं, म्हणजे तिथे एकमेकांना लिहिलेले निरोप, गेली म्हणून अजून हळहळतात. एकजण सोडून, त्याने पोरींना टाकलेले शेर कायमचे बुडाले म्हणून तो जाम खूश आहे.