अधिक मास आणि वार्षिक वेळापत्रक

राज्यातील सण-जत्रांचे वार्षिक वेळापत्रक मागील वर्षाच्या तारखा आठ-दहा दिवस पुढे-मागे करून आखावे, ही सूचना सोयीची असली तरी २०२६ साली ती फसेल, कारण त्या वर्षी १७ मे ते १५ जून हा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे त्यानंतरचे सण लांबतात. २०२५ मध्ये ६ जुलैला आलेली आषाढी एकादशी २५ जुलैला जाते आणि २७ ऑगस्टची गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. त्यामुळे पंढरपूरमधील मुक्काम आणि कोकणच्या गाड्या यांचा हिशेब नव्यानेच मांडावा लागतो.

आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेसाठी तर पंचांगही पुरत नाही. तिचा दिवस देवीचा कौल मिळाल्यावरच ठरतो आणि चाकरमानी तोवर रजेचा अर्ज कोरा ठेवतो (नियोजनशास्त्रात हे बसत नाही, पण जत्रा मात्र तुडुंब भरते). जेजुरीची सोमवती यात्राही अमावास्या सोमवारी आली तरच भरते.

माझ्या मते आधी तिथीने बांधलेले दिवस नोंदवावेत, कौलाच्या जत्रांसाठी माघ-फाल्गुनात मोकळी जागा राखावी आणि ज्यांच्या तारखा आयोजकांच्याच हाती असतात असे संगीत-नृत्य महोत्सव त्यानंतर बसवावेत.