मदत हवी आहे: ट्रॉली जॅकमध्ये ब्रेक ऑइल पडलंय, आता काय करू?

नमस्कार मंडळी. मी अहमदपूरकडचा. घरी ३ टनी ट्रॉली जॅक आहे, सहा वर्षं झाली. पंधरा दिवसांपासून जीप उचलतो पण धरून ठेवत नाही. काल मागचं चाक काढून ठेवलं आणि स्टेपनी आणायला गोठ्याकडं गेलो, परत येईस्तोवर ड्रम जमिनीपासून चार बोटांवर! बाहेर तेलाचा एक थेंब नाही.

घरात विचारल्यावर उलगडा झाला. पोळ्याला आलेल्या मेव्हण्यानं “तेल कमी वाटलं” म्हणून ब्रेक ऑइलची बाटली त्यात रिकामी केली होती. पाहुणा माणूस, बोलताही येईना. रबरी बूच काढून पाहिलं, आत पिवळसर पातळ दिसतंय. त्यात जुनं तेल किती आणि ब्रेक ऑइल किती हे ओळखायचं कसं? जॅकवरचं स्टिकर कधीच गेलंय. इथल्या दुकानात ट्रॅक्टर-जेसीबीमुळं ६८ नंबरचं हायड्रॉलिक ऑइल डब्यानं मिळतं, ३२ साठी लातूर गाठावं लागेल. ६८ चालेल का? आणि सील (आतलं तेल अडवणारी रबरी कडी) बदलावंच लागेल का?

प्रतिसाद १:
भाऊ, आधी गाडीखालून बाजूला व्हा. जॅक फक्त उचलायला, धरायला घोडी (गाडीखाली लावायचा लोखंडी स्टँड). चांगल्या जॅकलाही हेच लागू.

घोळ नावाचा आहे. ब्रेक ऑइल नावालाच ऑइल, डॉट ३, डॉट ४ म्हणतात ते ग्लायकॉलचं असतं. जॅकचे सील बहुतेक नायट्राइल रबराचे, त्यांना खनिज तेल मानवतं. ब्रेक ऑइलमध्ये ते फुगतात, मऊ पडतात. शिवाय ते हवेतलं पाणी ओढतं, म्हणजे आतून गंज.

ओळखायला जॅक पूर्ण रिता करून सगळं काचेच्या बाटलीत घ्या, रात्रभर ठेवा. ब्रेक ऑइल जड, खाली बसतं. खालचे चार थेंब पेल्याभर पाण्यात टाका. विरघळले तर ब्रेक ऑइल, वर तरंगले तर तेल. सांडू देऊ नका, जीपचा रंग उचलतं.

प्रतिसाद २:
आमच्याकडं परभणीत गॅरेज आहे. नंबर म्हणजे ४० अंशांना तेल किती घट्ट, एवढंच. जॅकला साधारण २२ किंवा ३२ घालतात. ६८ नं जॅक मरत नाही, मे महिन्यात तर कळणारही नाही. पण डिसेंबरात पहाटे पारा सात-आठवर आला की पंप जड चालतो आणि जॅक खाली उतरायला वेळ घेतो. कुणी लातूरला चाललं असेल तर ३२ मागवा, एक लिटर पुरून उरतं. इंजिन ऑइल मात्र नको, त्यातल्या डिटर्जंटमुळं फेस धरतो.

सील किट बदलाच. जुन्या सीलवर नवं तेल म्हणजे फुटक्या घागरीत पाणी भरायलात. बसवण्याआधी नव्या तेलानं दोनदा खंगाळून ते फेकून द्या.

धागाकर्ता:
मंडळी, आभार. सकाळी बाटलीत सरळ दोन थर दिसले, वरचा काळपट, खालचा पिवळा. खालचा पाण्यात टाकला तर साखरेसारखा गायब झाला. मिस्त्रीनं जुनं सील काढून नव्यावर ठेवलं, चांगलं नखभर मोठं झालं होतं, बोटानं दाबलं तर चिखलागत. किट आणि ३२ दोन्ही पडलंय. आता एकच राहिलं, पहिले तीन-चार फटके पोकळ जातात, मग उचलतो.

प्रतिसाद २:
हवा अडकलीय. रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा स्क्रू) सैल करा, गाडी न लावता दांडा पंधरा-वीस वेळा झपाझप मारा, मग आवळा. लेव्हल बघताना जॅक सपाट जागी आणि पूर्ण खाली बसलेला हवा. तेल बुचाच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत, काठोकाठ नाही. वर उचललेला असताना भरलं तर खाली आल्यावर तेच तेल बूच उडवून अंगावर येतं.