इटालियन रेस्टॉरंटमध्ये शाकाहारी आई-बाबांसाठी काय मागवायचं?

रामदासपेठकर
आई-बाबांच्या लग्नाचा वाढदिवस आहे. वर्धा रोडवरच्या मोठ्या हॉटेलातल्या इटालियन रेस्टॉरंटात चौघं जाणार आहोत. दोघंही पक्के शाकाहारी, अंडंही चालत नाही. मेनूवरचा हिरवा ठिपका पुरेसा आहे का? आणि चौघांत किती मागवावं?

खवय्या_सदर
ठिपक्यावर थांबू नका भाऊ. टेबल बुक करतानाच सांगून ठेवा. ऐनवेळी वेटरला विचारलं की "व्हेजच आहे सर" एवढंच उत्तर मिळतं, शेफपर्यंत प्रश्न जातच नाही.

पहिली चौकशी चीजची. पार्मिजानो रेज्जानो आणि ग्राना पादानो ही चीज वासराच्या जठरातून काढलेल्या रेनेटनं (दूध गोठवणाऱ्या पदार्थानं) बनवतात, आणि तेच चीज किसून पास्ता, रिसोत्तो (इटालियन मऊ भात), पेस्तो (बेसिलची चटणी) सगळ्यात पडतं. सूक्ष्मजीवांपासून केलेल्या रेनेटचं चीज आहे का, हे विचारा. शंका असेल तर पाकीटच दाखवायला सांगा.

दुसरी स्टॉकची, म्हणजे पदार्थ ज्यात शिजवतात त्या उकळून काढलेल्या अर्काची. रिसोत्तो आणि मिनेस्ट्रोने सूप यांत भाज्या दिसतात, पण खाली चिकन स्टॉक असू शकतो.

ताज्या पास्त्यात साधारण १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं असतं, म्हणून तालियातेल्ले, रॅव्हिओली, लझानिया विचारूनच. सुकी स्पॅगेटी किंवा पेन्ने बहुतेक वेळा डुरम गव्हाचा रवा आणि पाणी, एवढ्यावरच होते.

गोडात तिरामिसू नकोच: क्रीममध्ये अंडं, बिस्किटात अंडं, वर बरेचदा दारूही. पन्नाकोट्टा जिलेटिननं जमवतात, आणि ते जनावरांच्या हाडा-कातड्यापासून करतात. फळांचं सॉर्बेटो बरं, पण त्यातही अंड्याचा पांढरा भाग नाही ना, ते विचारा.

धंतोलीची_ताई
चौघांत दोन स्टार्टर, एक पिझ्झा, एक पास्ता, एक रिसोत्तो. भूक उरली तर पुन्हा मागवता येतं. सगळं एकदम टेबलावर आणू नका म्हणावं. रिसोत्तोला १८ ते २० मिनिटं लागतात आणि आल्याबरोबर खावा लागतो. थंड झाला की तांदळाचा स्टार्च घट्ट होऊन गोळा बनतो.

रामदासपेठकर
धन्यवाद! बाबांना पास्ता नेहमी कच्चा वाटतो, त्याचं काय?

धंतोलीची_ताई
तिथे तो मुद्दामच दाताखाली किंचित कडक ठेवतात. ऑर्डर देतानाच "दोन मिनिटं जास्त शिजवा" म्हणा. सॉसमध्ये मिसळून आल्यावर परत पाठवला तर शिजण्याऐवजी लगदा होतो. रिसोत्तोच्या दाण्याचंही तसंच, तेही आधीच सांगा.

बिलाचा_हिशोब
खोलीचं भाडं रात्रीला ७५०० रुपयांच्या वर असलेल्या हॉटेलात जेवणावर साधारण १८ टक्के जीएसटी लागतो, बाहेरच्या रेस्टॉरंटात ५ टक्के. मेनूतले दर करासकट आहेत का, ते आधी पाहा. सर्व्हिस चार्ज मात्र ऐच्छिक आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची २०२२ची मार्गदर्शक तत्त्वं दिल्ली उच्च न्यायालयानं मार्च २०२५मध्ये कायम ठेवली. बिलात आपोआप जोडला असेल तर काढायला सांगा, आणि सेवा आवडली तर टीप वेटरच्या हातात द्या.