चिंचिलाच्या पिंजऱ्यासाठी मदत हवी आहे

नमस्कार. आम्ही इंदूरला राहतो. परवा रात्री आमच्या चिंचिलाने (दाट, मऊ केसांचा, खारीसारखा कुरतडणारा छोटा पाळीव प्राणी) पिंजऱ्याचा प्लॅस्टिकचा तळ कुरतडून वाट काढली आणि पहाटे ती फ्रिजमागे, वायरीपासून वीतभर अंतरावर, अंग चोरून बसलेली सापडली. घाबरलेल्या चिंचिलाला घट्ट धरले तर केसांचा पुंजका हातात सुटून येतो, म्हणून तिला न ओढता धूळस्नानाचे भांडे (अंग स्वच्छ ठेवायला ती ज्या बारीक धुळीत लोळते त्याचे) पुढे ठेवून आम्ही तासभर वाट पाहिली. तिचे दात आयुष्यभर वाढतात, ती कुरतडणारच. तेव्हा आता संपूर्ण धातूचाच पिंजरा करून घ्यायचा आहे. साध्या लोखंडी जाळीवरचा जस्ताचा मुलामा कुरतडून पोटात गेल्यास विषबाधा होऊ शकते, म्हणून स्टेनलेस स्टीलची बारीक जाळी इंदुरात कोण बसवून देईल आणि दाराला कोणती कडी लावावी, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे. २५ अंशांवरची उष्णता तिला सोसत नसल्याने पिंजरा एसीच्या खोलीतच राहील.