अनुभव धागा : आयटीचा माणूस नसलेल्या ऑफिसचं नेटवर्क तुम्ही कसं सुधारलंत?

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि आमच्या आसपासच्या बऱ्याच छोट्या ऑफिसांत नवे कम्प्युटर आले. काही मोजके अपवाद सोडले तर आठव्या पिढीच्या आधीचे इंटेल प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत, त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या मशीनही निघाल्या. पण भिंतीतली केबल, कोपऱ्यातला स्विच (सगळ्या केबल जिथं एकत्र जोडतात ती पेटी) आणि इंटरनेटवाल्याने लावून दिलेला राउटर तेच राहिले. पाच-पंधरा टेबलांची ऑफिसं, दवाखाने, शाळा, दुकानं, जिथं 'ह्याला कम्प्युटरमधलं कळतं' म्हणून एकाच माणसाच्या गळ्यात सगळं पडतं, अशांचे अनुभव इथे हवे आहेत. नुसतं 'अमुक घ्या' नको. अडचण काय दिसत होती आणि कारण काय निघालं, ते सविस्तर लिहा. सुरुवात मी करते.

कर सल्लागाराचं ऑफिस, सांगली (धागाकर्ती)

टॅलीचा डेटा एका मशीनवर, बाकीचे सगळे नेटवर्कवरून त्यावर काम करतात. नव्या मशीन आल्या, एसएसडी आल्या, स्विचही गिगाबिटचा आणला. तरी मोठ्या पार्टीची कंपनी, म्हणजे तिच्या हिशेबाची फाइल, उघडायला पूर्वीइतकाच वेळ. टॅलीचं काम बघणाऱ्या दादांनी फोनवर एवढंच विचारलं, "ताई, इथरनेटच्या सेटिंगमध्ये लिंक स्पीड किती दाखवतंय?" तिथं होतं १०० एमबीपीएस. दिसायला हवं होतं १०००, म्हणजे गिगाबिट.

मग जॅक उघडून बघितला. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. शंभरच्या वेगाला त्यातल्या दोनच लागतात, गिगाबिटला चारही. जुन्या वायरिंगमध्ये एकाच केबलवर दोन टेबलं चालवली होती : नारिंगी आणि हिरवी जोडी एका जॅकला, निळी आणि तपकिरी दुसऱ्याला. ज्या काळात केलं तेव्हा ते चालून गेलं असेल, पण त्या केबलवर जगातला कुठलाही स्विच लावला तरी वेग वाढणार नव्हता.

दिवाळीनंतर ऑडिटची गडबड ओसरली, तेव्हा काम काढलं. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र कॅट ६ केबल, भिंतीवर पट्टीतून. केबल घेताना बॉक्सवर 'सीसीए' लिहिलेली असेल तर घेऊ नका. ती अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली असते. तार ब्लेडने खरवडली आणि आत पांढरी दिसली, की दुकानदाराला परत द्या. आणि वायरमन जायच्या आत प्रत्येक टेबलावर बसून लिंक स्पीड बघा. नुसतं 'नेट चालतंय' एवढ्यावर सही करू नका. आमच्याकडे एक जॅक पुन्हा क्रिम्प करावा (तारा पुन्हा दाबून बसवाव्या) लागला, तो यामुळेच सापडला.

पॅथॉलॉजी लॅब, नाशिक

आमची तक्रार विचित्र होती. सकाळी सगळं सुरळीत, दुपारी रिपोर्टचा प्रिंटर 'ऑफलाइन' आणि एकदोन मशीनवर नेट गायब. रीस्टार्ट केलं की चालू. समोर पेशंट रिपोर्टसाठी उभे, त्यामुळे प्रत्येक वेळी रीस्टार्ट करूनच वेळ भागवली जायची.

शेवटी बिघडलेल्या मशीनवर काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं आणि शेजारच्या चांगल्या मशीनशी ताडून पाहिलं. डिफॉल्ट गेटवे, म्हणजे मशीन ज्या राउटरमधून बाहेर जातं त्याचा पत्ता, दोन्हीकडे वेगळा! आतल्या खोलीत वाय-फाय पोचत नाही म्हणून कोणीतरी जादा राउटर जोडून दिला होता. मुख्य राउटरही आयपी (प्रत्येक मशीनचा नेटवर्कवरचा पत्ता) वाटत होता आणि हाही. ज्याच्याकडून पत्ता मिळेल तिकडे ते मशीन जायचं. त्या राउटरला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाकलं, म्हणजे तो फक्त वाय-फाय देईल, पत्ते वाटणार नाही. प्रिंटरचा आयपी मुख्य राउटरमध्ये राखून ठेवला. तेव्हापासून ती तक्रार नाही.

लॅबवाल्यांना एक कळकळीने सांगते : ॲनालायझरला (नमुने तपासणाऱ्या मशीनला) जोडलेल्या कम्प्युटरचा आयपी, विंडोज, काही म्हणजे काहीही मशीन कंपनीचा इंजिनिअर समोर असल्याशिवाय बदलू नका. तिथं चूक झाली तर प्रश्न पेशंटच्या रिपोर्टचा आहे.

आंबा पॅकिंग, देवगड

आमचा त्रास आकाशातल्या विजेचा. घरातलं ऑफिस आणि पॅकिंगची शेड यांच्यात अंगण आहे, त्यावरून साधी लॅन केबल नेलेली. मे महिन्यात वळवाचा गडगडाट सुरू झाला की स्विचचे पोर्ट मरायचे. परतीच्या पावसात पुन्हा तेच. वीज घरावर पडावी लागत नाही, जवळपास पडली तरी त्या लांब तांब्याच्या तारेत झटका उठतो आणि दोन्ही टोकांची उपकरणं जातात. सर्ज प्रोटेक्टरवाला एक्सटेंशन बोर्ड इथं कामाचा नाही, कारण झटका प्लगातून येतच नाही, लॅन केबलमधून येतो.

कणकवलीच्या एका केबलवाल्या काकांनी मार्ग सांगितला : मधला टप्पा फायबरचा करा. दोन्ही टोकांना मीडिया कन्व्हर्टर (लॅन केबल आणि फायबर जोडणारी डबी), मध्ये फायबर. काचेतून वीज जात नाही. मात्र फायबर मागताना नीट बघा, बाहेरच्या केबलमध्ये अनेकदा आधाराला पोलादी तार किंवा धातूचं कवच असतं. ते घेतलं तर विजेला पुन्हा वाट मिळाली. आम्ही धातू नसलेली मागवली आणि पाइपातून जमिनीखालून नेली. त्यानंतर पावसाळा गेला, परतीचा पाऊसही गेला, स्विच तोच आहे. कोकणात, घाटमाथ्यावर ज्यांच्या दोन इमारती आहेत त्यांनी हा खर्च पहिला करावा, बाकी सगळं नंतर.

धागाकर्ती : देवगडकर, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या चुलतभावाची पोल्ट्री आहे, तिथं हेच चाललंय. त्याला पाठवलं.

डीटीपी आणि ऑफसेट, पुणे

आमच्या फाइली मोठ्या, त्यामुळे सगळं काम नेटवर्कवरच्या स्टोरेज पेटीवर. जुन्या काळी पासवर्ड न घालता फोल्डर सगळ्यांना उघडा ठेवलेला. विंडोज ११ प्रो, २४एच२ ही आवृत्ती असलेली नवी मशीन जोडली आणि फोल्डर उघडेना. पेटी बिघडली, केबल गेली, असे सगळे तर्क झाले. खरं कारण, या आवृत्तीत बिनपासवर्डी 'गेस्ट' प्रवेश मूळ सेटिंगमध्येच बंद आहे. इंटरनेटवर तो पुन्हा चालू करायच्या युक्त्या भरपूर सापडतील. करू नका. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस पसरला तो फाइल शेअरिंगच्या जुन्या, एसएमबी १ पद्धतीतल्या भोकातूनच, एका मशीनवरून दुसऱ्यावर. आम्ही पेटीवर प्रत्येकाचं खातं काढलं आणि पासवर्ड दिले. पहिले काही दिवस कुरकुर झाली, मग सवय लागली.

शिवाय रोज संध्याकाळी एका बाहेरच्या डिस्कवर प्रत घेऊन ती डिस्क काढून कपाटात जाते. सतत जोडलेला बॅकअप व्हायरसलाही जोडलेलाच असतो.

शाळेचं कार्यालय, जुन्नर

थोडक्यात लिहितो. सुट्टीतल्या सफाईनंतर पूर्ण नेटवर्क ठप्प, स्विचचे सगळे दिवे एका लयीत फडफडतायत. लोंबकळणारं टोक नीट दिसावं म्हणून कोणीतरी त्याच स्विचमध्ये खोचलं होतं, म्हणजे एकाच केबलची दोन्ही टोकं एकाच स्विचमध्ये. काढलं, लगेच सुरू. आता मोकळ्या पोर्टांवर चिकटपट्टी आहे आणि शिपाई मामांना कारण समजावून सांगितलंय. त्यांचं लक्ष माझ्यापेक्षा चांगलं असतं.

आर्किटेक्ट ऑफिस, मडगाव

वायरिंगचं वर सगळं आलंय. आमचं काम अडलं ते भलत्याच ठिकाणी. राउटरचा ॲडमिन पासवर्ड जुन्या विक्रेत्याकडे, इंटरनेट कनेक्शन सोडून गेलेल्या सहकाऱ्याच्या मोबाइलवर नोंदलेलं, ईमेलच्या डोमेनचं खातं तिसऱ्याकडेच. स्विच बदलायला एक दुपार पुरली, हे हक्क परत मिळवायला त्याच्या कितीतरी पट वेळ गेला. काम काढायच्या आधी ही माहिती गोळा करा, वहीत लिहा आणि वही मालकाच्या कपाटात ठेवा. जुनी जोडणी सोडवण्यापूर्वी प्रत्येक पोर्टचा फोटो काढा आणि केबलच्या दोन्ही टोकांना सारखाच नंबर चिकटवा.

नाशिकची लॅब : एक प्रश्न. यूपीएसवर काय काय लावता? आमच्याकडे लाइट गेली की कम्प्युटर चालू राहतात, पण नेट जातं.

धागाकर्ती : म्हणजे कम्प्युटरला यूपीएस आहे आणि राउटर थेट भिंतीच्या प्लगवर असणार. फायबरची डबी, राउटर आणि स्विच ही तिन्ही एका वेगळ्या छोट्या यूपीएसवर घ्या. एकत्र मिळूनही फार वीज खात नाहीत, त्यामुळे बराच वेळ टिकतात. लेझर प्रिंटर मात्र त्यावर लावू नका. त्याचा हीटर तापताना एकदम भार ओढतो आणि छोटा यूपीएस तिथंच बसतो.