नांगरलेल्या होडीवर रात्रभर थपथपाट होतो, झोप लागण्यासाठी काय करावे?

मुक्काम_होडीवर
आम्ही तिघे पुण्याचे मित्र असून आमची सामाईक मालकीची शिडाची होडी आहे. सुट्टीच्या दिवशी तिच्यावर मुक्काम केला की मध्यरात्रीनंतर मागच्या बाजूला थपथप सुरू होते आणि मागच्या केबिनमध्ये झोपणाऱ्याला आपल्या कानाशी कोणी रिकाम्या पिंपावर थापा मारत आहे असे वाटते. लाटा म्हणाव्यात तर वीतभरही नसतात. याखेरीज डोलकाठीची टणटण आहे, साखळीची खरखर आहे आणि तळातून एक बारीक तडतड ऐकू येते, जिच्यामुळे फायबर तडकत तर नाही ना, अशी शंका येते. तळाखाली बांधण्यासाठी कोणता फोम घ्यावा आणि तो पुण्यात कोठे मिळेल, एवढेच सांगावे. शनिवारी पुन्हा निघायचे आहे, त्यामुळे उत्तर लवकर मिळाल्यास बरे. होडी विकून टाका, असे सल्ले कृपया देऊ नयेत.

पानशेतकर
धरणाच्या पाण्यात हा त्रास वाऱ्यामुळेच होतो. डोंगराच्या आडोशाला, वाऱ्याकडे नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, करून होडी लावावी म्हणजे आवाज थांबेल. पवनेला आणि मुळशीला मी हेच करतो.

फोमवाला
रविवार पेठेत, बोहरी आळीच्या परिसरात ईव्हीए फोमची शीट मिळते. पाणी न शोषणारा प्रकारच मागावा, कारण गादीचा फोम तासाभरात भिजून जड होतो. शीटच्या कडांना पितळी रिंगा ठोकून घ्याव्यात आणि दोऱ्यांनी ती मागच्या उताराखाली ताणून बांधावी.

जुना_खलाशी
फोम घेण्यापूर्वी काही गोष्टी सांगाव्यात. होडी धरणात आहे की खाडीत? मागचा भाग निमुळता आहे की रुंद व सपाट? आवाज येतो त्या वेळी नाळेचे तोंड कोणत्या दिशेला असते, आणि भरती असते की ओहोटी?

मुक्काम_होडीवर
धरण कोठून आले? होडी राजपुरीच्या खाडीत, दिघीच्या बाजूला असते. आम्ही ताम्हिणीने उतरतो. लांबी २६ फूट असून मागचा भाग रुंद व सपाट आहे. भरती-ओहोटीची नोंद ठेवलेली नाही. एका रात्री आवाज दोनच्या सुमारास सुरू झाला आणि पुढच्या रात्री जवळपास तीनला, एवढे आठवते. फोम किती जाडीचा घ्यावा, हे अजून कोणी सांगितलेले नाही.

जुना_खलाशी
दोन आणि तीन, यातच उत्तर आहे. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटे पुढे सरकते आणि तुमचा आवाजही तिच्यामागून सरकतो आहे. हिवाळ्यात रात्री जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो, म्हणजे तुमच्याकडे पूर्वेकडून. भरतीचे पाणी मात्र पश्चिमेकडून आत येते. नांगरलेली होडी अशा वेळी वाऱ्यापेक्षा प्रवाहाला अधिक जुमानते, त्यामुळे नाळ समुद्राकडे वळते आणि सपाट पिछाडी वाऱ्याच्या तोंडी येते. बारीक लाटा त्या उताराखाली शिरतात, तेथे हवा कोंडते आणि थाप बसते. ओहोटीला वारा व प्रवाह एकाच दिशेचे होतात आणि आवाज थांबतो. लाट लहान असूनही आवाज मोठा का, याचे कारण हेच: मोठी लाट पिछाडी उचलते, बारीक लाट फक्त आपटते. माझ्या मते मागे दुसरा नांगर टाकून नाळ पूर्वेकडेच धरून ठेवावी.

शीडउभारा
हा सल्ला खाडीत धोक्याचा आहे. शेजारच्या होड्या एका नांगरावर फिरत असताना आपली स्थिर राहिली, तर प्रवाह फिरताना टक्कर होते. शिवाय भरतीचा सगळा जोर मागच्या नांगरावर आणि सुकाणूवर येतो. त्याऐवजी पाण्याचे कॅन व जड सामान मागे हलवावे. पिछाडी थोडी अधिक बुडाली की हवा कोंडायला जागा उरत नाही.

जुना_खलाशी
शेजारी होडी नसेल तेथेच दुसरा नांगर, हे मी गृहीत धरले होते. सुकाणू तर एका नांगरावरही मधोमध बांधूनच ठेवावे लागते. आणि वजन मागे नेऊन प्रत्येक होडीचा आवाज कमी होत नाही, काहींचा वाढतो.

शीडउभारा
म्हणून आधी तिघांनी मागे बसून पाहावे, त्यात खर्च काहीच नाही. बाकीच्या आवाजांबद्दल: टणटण शीड चढवण्याच्या दोरांची असते, तेव्हा ते डोलकाठीपासून दूर ओढून बाजूच्या तारांना बांधावेत. ताणायची रबरी दोरी त्यासाठी उत्तम. साखळीला १२ मिलिमीटर जाडीचा नायलॉनचा दोर हूकने अडकवावा आणि होडीवरील खुंटाला असा बांधावा की ताण दोरावर येईल व साखळी पुढे सैल राहील. दगडांवर घासण्याचा आवाज मग साखळीतून केबिनपर्यंत पोहोचत नाही.

ओवा_आणि_आले
होडीवर मळमळत असल्यास ओवा चघळावा, आणि रात्रीचे जेवण हलके ठेवावे.

मुक्काम_होडीवर
मळमळ कोणालाही होत नाही. तडतडीचे काय?

जुना_खलाशी
ती बहुधा कोळंबीच्या जातीच्या एका लहान जीवाची आहे. त्याचा एक आकडा (नांगी) दुसऱ्यापेक्षा बराच मोठा असतो. तो झटक्याने मिटला की पाण्यात बुडबुडा तयार होतो, आणि तो फुटताना हा आवाज निघतो. उबदार किनाऱ्यांवर तो सर्रास ऐकू येतो. खात्री हवी असल्यास होडी किनाऱ्यावर घेतल्यावर ऐकावे. तेथेही तडतड आलीच, तर मात्र फायबर तपासून घ्यावे.

कानात_बोळे
एवढा खटाटोप कशाला? इअरप्लग घालून झोपावे.

शीडउभारा
नांगर सुटला तर ते कोणाला ऐकू येणार? इअरप्लग घालायचेच असतील तर एकाने कान मोकळे ठेवावेत आणि मोबाईलवर नांगर सरकल्याची सूचना देणारे ॲप चालू ठेवावे.

मुक्काम_होडीवर
ठीक आहे, या शनिवारी भरतीचे वेळापत्रक बरोबर नेतो आणि आधी मागे बसून पाहतो. फोमची जाडी?

फोमवाला
१० मिलिमीटरपासून सुरुवात करावी. दोऱ्या सैल ठेवू नयेत, नाहीतर शीट स्वतःच थपथपेल. आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी ती न विसरता काढावी, कारण दोरी पंख्यात गुंतली तर अंधारात पाण्यात उतरावे लागेल.